हत्तीचा पाय

हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा आणि मुलींनी त्याच्याभोवती फेर धरायचा, असा आपल्याकडचा हादगा. आनंद झाला की हत्तीवरून साखर वाटायची, ऐश्वर्य सांगायचं तर दारी हत्ती झुलवायचा. बोलण्यात हत्ती इतका मुरलेला आहे म्हणून जुलै 2025 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली माधुरी, म्हणजेच महादेवी हत्तीण, न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेत जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी-संगोपन केंद्राकडे निघाली तेव्हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडे-पलीकडे भाविक हळहळले. ऑगस्टच्या सुरुवातीला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली. श्रद्धा, कायदा, राजकारण सगळ्यावर बोलून झालं. तिच्या ज्या दुखऱ्या पायांचा मुद्दा या वादात होता, त्यांच्याबद्दल मात्र फार थोडं बोललं गेलं.

हे नवं नाही. महाभारताच्या द्रोणपर्वातला प्रसंग घ्या. द्रोणांना शस्त्र खाली ठेवायला लावायचं म्हणून भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि युधिष्ठिर अर्धसत्य बोलतो. ‘नरो वा कुंजरो वा’ आपल्या तोंडी इतकं बसलंय की तो हत्ती कुणाचा होता हे विचारायचं राहून जातं. तो शत्रूचा नव्हता. तो माळव्याच्या इंद्रवर्म्याचा, पांडवांच्याच सैन्यातला होता. संहितेत युधिष्ठिर ‘कुंजर’ हा शब्द अस्पष्ट उच्चारतो, आणि जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. ही शिक्षा असत्याची. आपल्याच बाजूच्या जनावराला एका वाक्याच्या सोयीसाठी मारल्याचा हिशेब कुणी मांडत नाही. धर्म-अधर्माची चर्चा करणाऱ्या एवढ्या मोठ्या ग्रंथात ही जागा मला फार बोचते. त्याच महाभारताच्या शांतिपर्वात म्हटलंय की हत्तीच्या पावलात जशी इतर सगळ्या प्राण्यांची पावलं मावतात, तसे सगळे धर्म अहिंसेत मावतात.

आंधळे आणि हत्ती ही गोष्ट जैन परंपरेत अनेकांतवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा विचार, समजावताना हमखास सांगतात. बौद्धांच्या ‘उदान’ या पाली ग्रंथात तिचं जुनं रूप आहे आणि ते वाचताना शेतकऱ्याचं घर डोळ्यांपुढे येतं. डोकं चाचपणाऱ्याला ते घडा वाटतं, कान सूप, सुळा नांगराचा फाळ, सोंड नांगराची दांडी, अंग धान्याचं कोठार, पाय खांब, मागचा भाग उखळ, शेपूट मुसळ आणि शेपटीचा गोंडा केरसुणी. ज्याच्या हाताला जे लागलं, ते त्याच्या रोजच्या वापरातलं निघालं. मग हे लोक बुक्क्यांनी मारामारी करतात आणि हत्ती तसाच उभा राहतो. इतकी माणसं अंगाला हात लावत असताना निमूट उभा राहणारा हत्ती माणसाळवलेला असतो, आणि माणसाळवण्यात साखळदंड आणि अंकुश आलेच. दृष्टांताला त्याचं देणंघेणं नाही. मठा-देवळातल्या हत्तीचा विचार करताना आपल्याला ते असायला हवं.

जैन वाङ्मयातली मेघकुमाराची कथा मला या सगळ्यांहून मोठी वाटते. वणवे पाहिलेला मेरुप्रभ हा हत्ती रानात एक योजनभर जागा गवत-झुडपं उपटून मोकळी करून ठेवतो. वणवा लागल्यावर सगळी जनावरं तिथं दाटीवाटीनं जमतात. अंग खाजवायला तो पाय उचलतो, तेवढ्यात खालच्या जागेत ससा शिरतो. पाय टेकला तर ससा मरेल, म्हणून हत्ती तो तसाच वर धरतो, अडीच दिवस. ससा गेल्यावर पाय टेकू बघतो तर तो ताठलेला असतो. हत्ती कोसळतो आणि पुढे वेदनेत मरतो. तोच पुढच्या जन्मी श्रेणिक राजाचा मुलगा मेघकुमार. नवदीक्षित असताना रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंचे पाय लागून झोप मोडली म्हणून तो घरी परतायला निघतो, तेव्हा महावीर त्याला हा मागचा जन्म सांगतात. कथा रचणाऱ्यानं हत्तीला पायाचीच परीक्षा दिली, ही नेमकी निवड आहे.

कारण हत्तीचं सगळं आयुष्य पायावर चालतं. आशियाई हत्तीच्या पुढच्या पायाला पाच आणि मागच्याला बहुधा चार नखं असतात. हत्ती बोटांवर उभा असल्यासारखी पायातली हाडं तिरकी असतात आणि त्यांच्यामागे चरबीची जाड गादी असते. तीन टनांची हत्तीण आवाज न करता चालते ती या गादीमुळे. वजनाचा जास्त भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून दुखणीही तिथंच आधी सुरू होतात. तळव्याची कातडी आणि नखं सतत वाढत असतात. रानात रोज मैलोन्‌मैल चालताना ती झिजतात. काँक्रीटवर साखळीनं बांधलेल्या हत्तीची झीज थांबते, वाढ थांबत नाही. मग नखं चिरतात, तळव्याला भेगा पडतात, त्यात खडे आणि शेण शिरतं. मुतानं ओल्या फरशीवर उभं राहून तळवा मऊ पडतो, पू होतो आणि संसर्ग हाडापर्यंत पोचला तर बरं करणं फार अवघड जातं.

म्हणून हत्ती पाळणाऱ्याकडे प्रेम किती आहे याआधी मी चार गोष्टी विचारेन. खाली माती-वाळू आहे की फरशी? तळवे रोज घासून धुऊन तपासले जातात का, नखं कानशीनं नियमित घासली जातात का? रोज किती चालवतात, आणि भर उन्हात डांबरावरून चालवतात का? दीड-दोनशे किलो ओला-सुका चारा आणि शे-दीडशे लिटर पाणी रोज मिळतं, की भाविकांच्या हातच्या गूळ-पेढ्यांवर भागवलं जातं? हत्ती सारखा डुलत असेल तर त्याला नाच समजू नये. बांधून ठेवलेल्या, कंटाळलेल्या जनावराची ती लकब असते. मिरवणुकीतल्या डीजेची धडधडही तो नुसती कानानं ऐकत नाही. जमिनीतली कंपनं त्याला तळव्यांतून कळतात.

हेच प्रश्न नव्या जागेलाही विचारले पाहिजेत. जी वर्षानुवर्षं ओळखीच्या माणसांच्या सोबतीत राहिली, त्या हत्तिणीला त्या माणसांपासून तोडणं हीसुद्धा इजा असते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कागदावर ती मोजता येत नाही. मठावर जीव लावणाऱ्यांचं दुःख खोटं नव्हतं. त्या दुःखाला पायाच्या जखमेपेक्षा वरची जागा मात्र मी देणार नाही.

आणि बेळगावजवळच्या खानापूरचा, कोल्हापूरकडच्या चंदगडचा शेतकरी? त्याच्यासाठी हत्ती कर्नाटकातल्या दांडेलीच्या रानातून येतो, भात तुडवतो, ऊस मोडतो. त्याच्याकडेही पावलंच उरतात. पुढच्या पायाचा ठसा गोलसर, मागचा लांबट. गोल ठशाचा घेर दोऱ्यानं मोजून दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची जवळपास मिळते: 130 सेंटिमीटर घेर म्हणजे 260 सेंटिमीटर उंचीचा मोठा नर. चिखलात ठसा पसरतो, तेव्हा कडक जमिनीवरचाच मोजावा. कुंपणात थेट लाईनची वीज सोडणं हा गुन्हा आहे, त्यानं हत्ती मरतो आणि माणूसही. सौरकुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, म्हणून तो हुसकावतो, मारत नाही. तारेला गवत-वेली टेकल्या की मात्र वीज जमिनीत उतरते आणि झटका मरतो, तेव्हा पावसाळ्यात तारेखालचं रान दर आठवड्याला काढावं लागतं.

हादग्याच्या पाटावर यंदा हत्ती काढाल तेव्हा त्याचे पाय नुसते खांब काढू नका. पुढच्यांना पाच नखं, मागच्यांना चार.