डोंगरी बांबू आणि कोल्हापूरचा मे महिना

नर्सरीवाले हल्ली एक डायलॉग हमखास मारतात, "सायब, हा बांबू उणे वीसमध्ये जगतोय, कोल्हापुरात काय बर्फ पडत नाही, लावा बिनधास्त." ऐकायला बरोबर वाटतं पण हिशोब पार उलटा आहे. हा बांबू म्हणजे फार्जेसिया, बेट करून वाढणारा, मुळं लांब पळवत नाही, कंपाऊंडच्या कडेला लई देखणा दिसतो, फोटोत बघून कुणालाही मोह होईल. त्याचं घर चीनमधल्या सिचुआन, गान्सूकडचे उंच डोंगर, पांडा अस्वलं खातात त्यातलाच. तिथं हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात धुकं, गारवा. म्हणजे त्याला थंडी सोसते, सोसत नाही तो उन्हाळा, आणि त्यातही दुपारपेक्षा रात्र जास्त महत्त्वाची. दिवसा झाड जे अन्न बनवतं ते गरम रात्री श्वसनातच उडून जातं, शिल्लक काही राहत नाही, त्यात काळी कुंडी तापली की मुळंही शिजतात.

आता यातली एक गंमत सांगतो. कडक ऊन लागलं की फार्जेसियाची पानं सुरळीसारखी गुंडाळतात आणि संध्याकाळी परत उलगडतात, पाणी वाचवायची त्याची ती पद्धत आहे. आपण काय करतो, बिचारं तहानलंय म्हणून पाईप सोडतो, रोज, आणि मग मुळं कुजून झाड जातं. आधी मातीत बोट घालून बघा, ओल असली तर त्याला सावली द्या, पाणी नको.

इंग्लंड-आयर्लंडमध्ये मात्र हाच बांबू नुसता माजतो. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या माणसानं चीनमधून एक जात नेली, पुढं तिला त्याच्या मुलीचं, म्युरिएलचं नाव मिळालं. बागांमधली जवळजवळ सगळी बेटं त्याच एका रोपाची, त्यामुळं १९९०च्या दशकात ती सगळीकडं फुलावर आली आणि मेली, हा बांबू फुलला की मरतोच.

हिमालयातलं रिंगाळ, तोही बांबूच, पण वेगळं, उत्तराखंडात त्याच्या टोपल्या विणतात. ते फार्जेसियाएवढी थंडी झेलत नाही आणि आपला उन्हाळाही नाही, त्याला मधलंच हवामान लागतं. कुणी म्हणेल मग गगनबावड्यात लावू, धुकं असतंय की. असतंय, पावसाळ्यात! मार्च ते मे काय करणार राव?

माझं मत विचाराल तर आपल्याकडं माणगा हा आपलाच बांबू असताना हे कशाला. बिनकाट्याचा, भरीव, बेटातच राहणारा, आणि चंदगड-आजऱ्यापासून खाली कोकणापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या बांधावर उभा आहे. बी धरत नाही म्हणून कंद किंवा कांडी लावायची, पहिला पाऊस बसला की जूनमध्ये. तोडताना बेटाच्या आतल्या, तीन वर्षांवरच्या जून काठ्याच काढा, बाहेरच्या कोवळ्यांना हात लावू नका कारण पुढचे कोंब त्यांच्याच बुडातून येतात. आणि कोयता जमिनीलगतच्या गाठीच्या जरा वर मारा, खुंट लांब राहिला की त्यात पाणी मुरून बुडखा कुजतो. नव्या काठीवर पांढरट भुकटी असते, जुनीवर नसते, ओळखायला तेवढं पुरतं.