हँडपीस किती हवा खातो? कॉम्प्रेसर घेण्याआधी मोजा

हवेवर चालणाऱ्या कोरीवकामाच्या हँडपीससाठी (हातात धरायचं अवजार, त्यातला बारीक पिस्टन ठोके देतो) कॉम्प्रेसर घ्यायला गेलं की पहिल्यांदा एचपी सांगितला जातो, मग टाकीचे लिटर. आपल्या कामाचा आकडा मात्र तिसराच: मिनिटाला टाकीत खरोखर किती हवा भरते. पाटीवरचा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) बहुतेक वेळा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो. लहान, सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात हवा दाबणारा) कॉम्प्रेसर 7-8 बारवर (बार हे दाबाचं एकक) त्यातली साधारण 60 ते 70 टक्केच हवा देतो. 1 सीएफएम म्हणजे 28.3 लिटर. म्हणजे पाटीवर 3 सीएफएम असेल, तर हाती मिनिटाला 50 ते 60 लिटर धरा.

आता खप. कॅटलॉगवर विसंबू नका, कारण तुमचा दाब आणि तुमचा हात वेगळा. समजा 24 लिटरची टाकी आहे. ती 8 बारपर्यंत भरा, स्विच बंद करा आणि 15 मिनिटं निवू द्या. ताजी भरलेली हवा गरम असते, निवताना दाब आपोआप उतरतो आणि तेवढा खप खोटाच जास्त दिसतो. मग दाबमापकाचा काटा वाचा आणि नेहमीच्या दाबावर बरोबर 5 मिनिटं कोरा. काटा 3 बारने उतरला, तर 24 गुणिले 3 भागिले 5, म्हणजे मिनिटाला 14.4 लिटर. हीच चाचणी पेडलवरून पाय काढून करा, आणि शेवटी टाकीचा कॉक बंद करून. काही यंत्रं हात थांबला तरी हवा सोडत राहतात. कॉक बंद असतानाही काटा उतरला, तर गळती टाकीच्याच बाजूला आहे.

14.4 ला 55 ने (वरच्या 50 ते 60 लिटरचा मध्य) भागा: मोटर साधारण 26 टक्के वेळ चालेल. हे उत्तम. टाकी दुप्पट केली तरी हा आकडा तोच राहतो. मोटर कमी वेळा सुरू होते, पण दर वेळी जास्त वेळ चालते. फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून केलेलं शांत युनिट मिनिटाला 25-30 लिटरच देत असेल, तर तेच काम त्याला निम्मा वेळ पळवतं. कॉम्प्रेसरचं डोकं तापतं, ओव्हरलोड (मोटरवर ताण आला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो आणि तेलाची वाफ लाइनमध्ये येते. ते तेल हँडपीसच्या बारीक पिस्टनला चिकटलं की ठोका मंद पडतो. मग लोक दाब वाढवतात. 2 बारचे 3 केले, तर खप साधारण एक तृतीयांशाने वाढतो आणि दुखणं तिथंच राहतं. शांत युनिट घ्यायचंच असेल, तर तेल पकडणाऱ्या फिल्टरवर पैसे वाचवू नका.

मोटर थांबताना प्रेशर स्विचपाशी (दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा स्विच) एकदाच फुस्स होणं बरोबर. तिथून सतत हवा येत असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (टाकीतली हवा मागे येऊ न देणारी झडप) कचरा अडकला आहे किंवा त्याची सीट गेली आहे. टाकीची हवा पुरी उतरवून तो खोला आणि साफ करा, नाहीतर मोटर दाबाविरुद्ध सुरू होऊन घुमत राहील. पुश-फिट (नळी नुसती दाबून बसवायच्या) जोडातली गळती बहुधा नळी तिरकी कापल्याने असते. धारदार ब्लेडने काटकोनात कापा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात पाण्याचा प्रश्न खरा. 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेत दिवसाला 6 तास, मिनिटाला 15 लिटर हवा ओढली, तर टाकीत 100 मिली पाणी सहज जमतं. रोज संध्याकाळी थोडा दाब शिल्लक असताना खालचा ड्रेन उघडा; गढूळ, तांबूस पाणी धार मारून येतं. त्याचा रंग गडद होत गेला, तर टाकी आतून गंजते आहे.

टाकीत दाब 7-8 बार ठेवा आणि बाकाजवळच्या रेग्युलेटरने तो 2-3 वर आणा. दाब उतरला की हवा तुलनेने कोरडी होते. पाणी पकडणारा फिल्टर मात्र रेग्युलेटरच्या आधी हवा, आणि सूचनापुस्तिकेत सांगितलं नसेल तर तेल घालणारं ल्युब्रिकेटर या लाइनवर बसवू नका.