सिमरोलचा चिखल आणि मागच्या टायरचं माप

इंदूरहून खंडवा रोडनं सिमरोलकडे निघालं की सायकलवाल्याला तीन तऱ्हेची जमीन भेटते. आधी वीसेक किलोमीटर डांबर, मग सोयाबीनच्या शेतांमधल्या काळ्या मातीच्या गाडवाटा, आणि तिंछा धबधबा किंवा कजलीगढच्या बाजूला पठाराची कड आली की बसाल्टचे ओले, शेवाळलेले दगड. उन्हाळ्यात हे सगळं कुठल्याही टायरवर निभतं. पावसाळ्यात निभत नाही. माझ्या 27.5 इंची हार्डटेलला, म्हणजे मागे सस्पेंशन नसलेल्या माउंटन बाइकला, कंपनीतून आलेले 2.25 इंच रुंदीचे टायर होते आणि काळ्या मातीत शंभर पावलं गेलं की मागचं चाक फिरायचंच थांबायचं. घसरणं वगैरे पुढची गोष्ट. चाक आणि फ्रेम यांच्यात माती भरून ते अक्षरशः जाम व्हायचं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागायची.

‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर’ ही म्हण माळव्यात सगळ्यांना पाठ. त्यातलं ‘पग पग नीर’ सायकलीवरून अनुभवलं की कौतुक जरा कमी होतं.

नवे टायर घ्यायचं ठरलं तेव्हा भाच्यानं लगेच नावं सुचवली. त्याचं सगळं ज्ञान परदेशी व्हिडिओंमधलं. “मामा, तू सरळ मड स्पाइक घे. श्वाल्बेचा डर्टी डॅन, नाहीतर कॉन्टिनेंटलचा मड किंग. संपला विषय.” हे टायर चिखलासाठीच बनवलेले, यात शंका नाही. उंच, टोकदार, एकमेकांपासून लांब नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे), जे वरचा मऊ थर भेदून खालच्या घट्ट जमिनीत रुततात. पण हे सल्ले वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवावी लागते, की ते बहुतेक इंग्लंड-युरोपच्या हिवाळी चिखलासाठी लिहिलेले असतात. तिथे थंडीत रबर कडक पडतं, झाडांची ओली मुळं आडवी येतात, म्हणून रबर किती मऊ घ्यावं यावर पानंच्या पानं. आपला चिखल जुलै ते सप्टेंबरचा, हवा उबदार, आणि माती साफ वेगळी.

आपली काळी माती बसाल्ट झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, जी पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगा पाडते. पाणी भरपूर असेल तर तिची रबडी होते आणि ती टायरवरून उडून जाते. खरी पंचाईत पाऊस थांबून ऊन पडल्यावर. तेव्हा ती ना ओली ना सुकी, नुसती चिकट. त्यात गवत आणि सोयाबीनचा पाला मिसळला की चाकावर थरावर थर चढतात. या अवस्थेतल्या मातीला कुठलाच टायर पूर्ण झटकून टाकत नाही, मड स्पाइकसुद्धा नाही. म्हणून माझ्या मते आपल्याकडे पहिला प्रश्न नॉबचा नाहीच. टायरच्या दोन्ही बाजूंना फ्रेमपर्यंत मोकळी जागा किती, हा आहे.

ती जागा मोजायला खास काही लागत नाही. 6 मिलिमीटरची एलन की (षटकोनी किल्ली) टायरची बाजू आणि चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाशेजारची फ्रेमची आडवी नळी, यांच्यामध्ये घालायची आणि चाक हळूहळू पूर्ण फिरवायचं. पूर्ण अशासाठी, की रिम जराशी वाकडी असेल तर एका बाजूला जागा असते आणि दुसऱ्या बाजूला नसते. किल्ली कुठेही अडली नाही पाहिजे. माझ्याकडे पुढे फोर्कमध्ये ती आरामात फिरली, मागे आतच जाईना. टायरच्या साइडवॉलवर 57-584 लिहिलेलं होतं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास. इंचांपेक्षा हे आकडे जास्त भरवशाचे, कारण 2.1 इंची म्हणवणारे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात कमी-जास्त भरतात. 57 च्या जागी 50 घेतला तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी साडेतीन मिलिमीटर मोकळे होतात. ऐकायला काहीच नाही, पण चाक फिरण्या-न फिरण्याचा फरक तेवढाच आहे.

दुकानात मात्र उलटाच आग्रह. “भिया, चौड़ा डालो, कीचड़ में तैरेगा.” वाळूत हे खरं आहे, रुंद टायर वर तरंगतो. काळ्या मातीत तरंगून काय करायचं? खाली घट्ट थर आहे, तिथपर्यंत पोचायचंय. दुकानदार भला माणूस, त्यानं वाद न घालता मागच्या खोलीतून अरुंद टायर काढून दिले. त्यातला 50-584 मापाचा, रिमवर बसणाऱ्या कडेत तार असलेला, मधोमध अखंड पट्टी नसलेला आणि नॉबमध्ये बोटाची रुंदी राहील इतकं अंतर असलेला एक मागच्यासाठी उचलला. नाव फारसं कोणी ऐकलेलं नसेल. मागच्या चाकाला पुरतो, कारण मागचं घसरलं तर शेपूट हलते, सावरता येतं. पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर.

त्यामुळे पैसा पुढच्या टायरवर घातला. इथे मोकळी जागा भरपूर होती, म्हणजे रुंदी कमी करायची गरज नव्हती. मड स्पाइक नाही घेतले, त्याची दोन कारणं. एक म्हणजे ओला बसाल्ट. उंच नॉब दगडावर वाकतात, रबर फार कमी टेकतं आणि नेमकं तिंछाच्या उतारावर चाक निसटतं. दुसरं, घरापासून सिमरोलपर्यंतचं डांबर. त्यावर ते घरघरत चालतात आणि भराभर झिजतात. भाचा म्हणाला, “मग नॉब कापून घे. डाउनहिल रेसवाले कापतात.” कापतात खरे, कोरडं झालं की उंची कमी करायला. पण नवा कोरा महागडा टायर घरी आणून कात्रीनं कापायला माझा हात धजला नसता. शेवटी मॅक्सिसचा हाय रोलर टू, 2.3 मापाचा, ऑनलाइन मागवला. नॉब मध्यम उंचीचे, पण ओळींमध्ये मोकळी जागा, कडेचे नॉब दणकट. हा निव्वळ चिखलाचा टायर नाही, आणि मला तेच हवं होतं.

बसवताना साइडवॉलवरचा दिशेचा बाण बघून घेतला. ट्यूबलेस करावं का, म्हणजे ट्यूब काढून आत भोकं बुजवणारं पातळ सीलंट भरावं का, यावर घरात बरीच चर्चा झाली. आपल्याकडे बाभळीचे काटे आहेत, तेव्हा आत सीलंट असलेलं बरंच, पण इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये ते लवकर वाळतं आणि पुन्हा भरत बसावं लागतं. तूर्त ट्यूबच ठेवली. त्यामुळे हवा फार कमी करता येत नाही, दगडावर आपटलं की रिमखाली ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. माझ्या पंचाहत्तर किलोंना पुढे 26, मागे 30 पीएसआय जमतं. डांबरावर जरा जास्त ठेवतो आणि सिमरोलला चहा झाला की काढतो. परतीसाठी छोटा पंप सोबत.

फरक लगेच जाणवला, पण जिथे अपेक्षा होती तिथे नाही. रबडी चिखलात पुढचं चाक वळणावर धरून राहतं, हे होणारच होतं. खरी गंमत चिकट मातीत. माती अजूनही चढते, पण मागचं चाक फिरत राहतं आणि वेग थोडा वाढवला की ढेकळं सुटून पाठीवर बसतात. मागे मडगार्ड लावून बघितला होता, तो काढून टाकला. त्यानं तीच मोकळी जागा खाल्ली.

तरी पाऊस थांबल्यावरच्या पहिल्या उन्हाच्या दिवशी मी काळ्या मातीत जातच नाही. मुरमाच्या वाटा धरतो, तिथलं पाणी चटकन निचरतं. शिवाय ओल्या गाडवाटेवर सायकलींनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात आणि त्यातून ट्रॅक्टर शेतकऱ्यालाच न्यायचा असतो.

दसऱ्यानंतर पुढचा टायर उतरवून जुना 2.25 चढवतो, डांबरावर तो हलका पळतो. मागचा अरुंद मात्र तसाच ठेवतो. डिसेंबर-जानेवारीत मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, एखादा येतोच, आणि गव्हाला पाणी सोडलेलं असतं तेव्हा पाटाचं पाणी वाटेवर कुठे आलेलं असेल ते सांगता येत नाही.