गिरक्या थांबल्या तेव्हा

दुपारपर्यंत ४० डास कापून झाले होते. सगळ्या अ‍ॅनाफिलीस माद्या, हिवताप झालेल्या उंदराचं रक्त २१ दिवसांपूर्वी प्यायलेल्या. सुईनं डोकं अलगद ओढलं की पाठोपाठ लाळग्रंथी बाहेर येतात, तीन-तीन पाकळ्यांच्या, काचेसारख्या. हात जरा जड पडला की ग्रंथी फाटते.

ग्रंथी चिरडून थेंब स्लाइडवर ठेवला, ऊब दिली आणि मायक्रोस्कोपखाली स्पोरोझोइट, म्हणजे डासाच्या लाळेतले हिवतापाचे परजीवी, दिसले. विळ्यासारखे बारीक, काचेवर गोल गोल गिरक्या घेणारे. ना पाय, ना शेपूट, तरी सरकतच राहतात. डास चावला की हेच कातडीतून रक्तात आणि तिथून यकृतात शिरतात. आत पोचलेल्या एकट्यातूनही हजारो परजीवी निघतात.

माझं घर गडचिरोलीचं. तीन गोधड्यांखाली धाकट्या भावाचे दात वाजायचे, तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. या कामात मी त्याच्यामुळे आले.

दुसऱ्या थेंबात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, मिसळली होती. स्पोरोझोइटच्या अंगभर सीएसपी नावाचं प्रथिन असतं, त्याला ती चिकटतात. माणसातल्या फाल्सिपेरम हिवतापावरची आर२१ लसही त्या परजीवीच्या सीएसपीचाच तुकडा शरीराला ओळखायला शिकवते. ऑक्सफर्डची ही लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. २ ऑक्टोबर २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली, तेव्हा आमच्या लॅबमध्ये पेढे वाटले होते.

डोळा लावला. गिरक्या बंद! अंगावरचं आवरण सुटून प्रत्येकामागे साक्याची शेपटी लोंबत होती. न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेनझ्वाइग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली नोंदवलेलं हे दृश्य मी फोटोत कितीदा पाहिलं होतं. समोर जिवंत पाहताना डोळे भरून आले, फोकस दिसेना.

पुसून पुन्हा पाहिलं तर कडेला एक फिरत होता.

“मॅडम, एक सुटलाय.”

त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. “त्याला आधी लिही,” म्हणाल्या.

लसीचे तीन डोस, मग वर्षभरानं चौथा कशासाठी, ते तेव्हा उमगलं. प्रतिपिंडं भरपूर लागतात आणि ती ओसरतात. वहीत ‘१’ लिहिला. उद्यासाठी प्रतिपिंडांची मात्रा दुप्पट धरली आणि आणखी ४० डास मागवले.