३१ अंश आणि न वाळणारा रुमाल

सिंगापुरात माझा पहिला राग उन्हावर नव्हे, रुमालावर निघाला. सकाळी धुऊन लेकीच्या बाल्कनीत वाळत टाकलेला साधा सुती रुमाल संध्याकाळी हातात घेतला तर दमट. पाऊस नाही, काही नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात तो पंधरा मिनिटांत पापडासारखा झाला असता.

कोरड्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला ही हवा समजायला वेळ लागतो. पारा जेमतेम ३१-३२. आपण ४३ बघितलेले, त्यामुळे आकडा ऐकून हसूच येतं. पण सिंगापूर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्याही आत आहे, चहूबाजूंनी समुद्र आहे आणि पहाटे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. सापेक्ष आर्द्रतेचा धडा मी शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवला. तो अंगावर लिहिलेला इथे वाचला. घाम नुसता येऊन गारवा मिळत नाही, तो उडून जावा लागतो. कोरड्या हवेत तो दिसायच्या आत उडतो, म्हणून आपल्याला वाटतं आपण घामेजलोच नाही. इथे तो हनुवटीवरून टपकतो आणि टपकलेला घाम फुकट जातो. रात्रीही सुटका नाही, पारा २३च्या खाली क्वचितच उतरतो.

लेकीचं म्हणणं, "आई, एसीत बस, कशाला त्रास करून घेतेस?" आमचे हे तर मॉलमधून मेट्रोत आणि मेट्रोतून मॉलमध्ये एवढंच सिंगापूर बघत होते. पण एसीत बसून सवय होत नाही. शरीराला उकाड्याशी जमवून घ्यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि त्यासाठी रोज तासभर तरी त्या हवेत चालावं-फिरावं लागतं. मग रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, त्याच चालीला हृदयाची धडधड कमी होते, घाम लवकर सुरू होतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे शेवटचं मला माझ्या काळ्या कुर्त्याने दाखवलं. सुरुवातीला फिरून आले की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या, नकाशा काढल्यासारख्या. पुढे त्या फिकट होत गेल्या. ह्यांना बोलावून दाखवल्या, तर म्हणे साबण बदललास का?

फिरायला मी बोटॅनिक गार्डन धरली. १८५९ सालची ही बाग पहाटे पाचला उघडते. उजाडतं मात्र सातच्या सुमारास, कारण १९८२ साली तिथलं घड्याळ अर्धा तास पुढे नेलंय. त्या वेळी आर्द्रता सगळ्यात जास्त, पण डोक्यावर ऊन नसतं आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं. भर दुपारी नुसता पारा बघून बाहेर पडू नये. तिथलं सरकार २०२३पासून उष्णतेचा एक वेगळा आकडा जाहीर करतं, त्यात तापमानाबरोबर दमटपणा, ऊन आणि वारा सगळं धरलेलं असतं. तो ३३च्या पुढे गेला की धोका जास्त. मोबाइलवर दिसतो, मी तोच बघायचे.

जुन्या वस्तीत चालायचं तर दुकानांपुढचे छताचे पदपथ फार कामाचे. इथे इंग्रजांची वसाहत वसवणाऱ्या रॅफल्सच्या १८२२च्या नगररचनेत ते सक्तीचे केले होते. लिटल इंडियात मी छत्री न उघडता गल्ल्यामागून गल्ल्या हिंडले, फक्त रस्ता ओलांडताना ऊन लागायचं.

बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्यात हा घाम. पाणी आणि मीठ किती, हे शेजारणीने सांगायची गोष्ट नव्हे.

एक वाईट बातमी. ही सवय टिकत नाही, परत आल्यावर महिनाभरात बरीचशी जाते. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्याकडे विजयी मुद्रा झाली: "मग एवढी पायपीट कशाला केलीस?" बाग बघितली म्हणून, म्हटलं. तुम्ही तीन मॉल बघितलेत आणि तिन्ही सारखे होते.