बुटक्या टोमॅटोंचं अपडेट: आखडलेलं प्रत्येक पान व्हायरसचं नसतं

मंडळी, गॅलरीतल्या ड्वार्फ (म्हणजे बुटक्या) टोमॅटोंची खबरबात. गणपती गेल्यावर टायनी टिम, मायक्रो टॉम आणि रोझेला पर्पल अशा तीन जाती पेरल्या होत्या. आता टायनी टिम आठ इंची कुंडीत फूटभर होऊन फुलांनी भरलंय, मायक्रो टॉम तर जेमतेम वीतभर आणि त्यालाही कळ्या आल्यात, रोझेला मात्र गुडघ्याच्या वर गेलंय आणि अजून वाढतंय. ते नावाला ड्वार्फ असलं तरी तीन-चार फूट होतं, त्यामुळे कुंडी निदान पंधरा-वीस लिटरची घ्या आणि काठी सुरुवातीलाच रोवून ठेवा, नंतर रोवली की मुळं दुखावतात.

आता मुद्द्याचं. या झाडांची पानं बघून बरेच जण घाबरतात आणि चांगली रोपं उपटून टाकतात, कृपा करून असं करू नका!! ड्वार्फ टोमॅटोचं पान मुळातच जाड, सुरकुतलेलं आणि गडद हिरवं असतं. ज्या जीनमुळे झाड बुटकं राहतं त्याच जीनमुळे ब्रॅसिनोस्टेरॉइड नावाचं वाढीचं हार्मोन कमी तयार होतं, म्हणून खोड बुटकं आणि दणकट, आणि पानं अशी चुरगळल्यासारखी. २००५ च्या सुमारास अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या हौशी बागकाम करणाऱ्यांनी मिळून ड्वार्फ टोमॅटो प्रोजेक्ट सुरू केला (रोझेला पर्पल त्यातलंच), तिथे उंच आणि बुटक्याचा संकर केला की पहिली पिढी सगळी उंच निघते आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक रोप बुटकं, आणि ते बुटकं कोणतं हे रोपं लहान असतानाच याच पानांवरून ओळखतात. म्हणजे ज्याला आपण रोग समजतो तीच त्याची ओळख.

मग खरा लीफ कर्ल, म्हणजे पानं आखडवणारा व्हायरसचा रोग, कसा ओळखायचा? माझ्याकडे टायनी टिमच्या एका रोपाला आलाच होता म्हणून शेजारी शेजारी ठेवून नीट बघता आलं. ड्वार्फची सुरकुती पहिल्या खऱ्या पानापासून असते आणि त्या जातीच्या सगळ्या रोपांवर सारखीच. व्हायरसमध्ये आधी चांगलं चाललेलं रोप अचानक शेंड्याकडून बिघडतं, नवीन पानं बारीक, कडा पिवळ्या आणि वाटीसारख्या वर वळलेल्या, वाढ थांबते, फुलं गळतात. पान उलटं केलं तर खाली पांढरी माशी सापडण्याची शक्यता खूप, कारण हा व्हायरस तीच पसरवते. त्याला औषध नाही, ते रोप पिशवीत बांधून कचऱ्यात टाकलं. बाकीच्यांजवळ पिवळे चिकट सापळे लावलेत आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी लिटरला पाच मिली नीम तेल, थोडा लिक्विड सोप घालून, पानांच्या खालून मारतेय. खालच्या पानांवर नागअळीच्या (पान आतून पोखरणारी अळी) रेघा दिसल्या, ती पानं तोडली, विषय संपला.

माती म्हणाल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, बागेतली माती आणि मूठभर निंबोळी पेंड. बुटक्या जातींचे बगलफुटवे (पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे फुटवे) अजिबात खुडू नका, टायनी टिम आणि मायक्रो टॉमची वाढ ठरावीक उंचीला थांबते आणि फळं त्याच फांद्यांवर लागतात. पाणी एक दिवस भसाभस आणि दोन दिवस कोरडं असं नको, त्यानेच फळाचं बूड काळं पडतं, लहान कुंडीत तर हमखास.

परागीकरणाला साधी मधमाशी फारशी कामाची नाही, टोमॅटोचं फूल थरथरवावं लागतं. आपल्याकडची निळ्या पट्ट्यांची रानमधमाशी (ब्लू बँडेड बी) ते झकास करते, फुलाला लटकून गुणगुणते की पराग खाली झडतात. ती येत नसेल तर सकाळी ऊन आल्यावर गुच्छाला टिचकी मारा. मी हेच करतेय आणि टायनी टिमवर वाटाण्याएवढी फळं धरलीत. आता रात्री गार पडायला लागल्यात म्हणजे फळं धरणं अजून सुधारेल, मार्चनंतर रात्रीही गरम झाल्या की परागच निकामी होतो, म्हणून ज्यांना लावायचंय त्यांनी उशीर करू नका.

या तिन्ही जाती संकरित नाहीत, बी धरता येतं. पहिला घोस बियांसाठीच ठेवणार आहे, गर दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवून. कुणाकडे पिवळ्या फळांची मायक्रो ड्वार्फ (मायक्रो टॉमसारखी अगदी छोटी) जात असेल तर सांगा, बदलून घेऊ.