भुताटकीच्या मॅकनगेट बडींचा संच जमवताना

१९९३च्या हॅलोविनला, म्हणजे भुताखेतांच्या वेशांच्या सणाला, मॅकडोनल्ड्सने अमेरिकेत हॅपी मील या मुलांच्या जेवणाबरोबर मॅकनगेट बडी नावाची खेळणी वाटली होती: चेटकीण, ममी, ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइनच्या धाटणीचा राक्षस, भूत आणि भोपळा. चिकन नगेटसारखं ओबडधोबड अंग आणि त्यावर काढता-घालता येणारा पोशाख. लग्नानंतर न्यू जर्सीत आले तेव्हा ही मंडळी पहिल्यांदा पाहिली आणि सगळा संच जमवायचं मनात पक्कं झालं.

नुसता नगेट मिळणं अवघड नाही. गराज सेलमध्ये, म्हणजे लोक घरासमोर जुन्या वस्तू विकायला मांडतात तिथे, जुन्या खेळण्यांचं खोकं उपसलं की एखादा सापडतोच, पण बहुधा उघडाबोडका. खरा शोध असतो तो कपड्यांचा. पोशाखाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग, आणि ते एकमेकांना अदलून-बदलून घालता यावेत अशीच त्यांची रचना. पोरांनी तेच केलं. त्यामुळे चेटकिणीची टोपी ममीच्या डोक्यावर निघते. शिवाय १९९६ साली ड्रॅगन, कोळी अशा वेशांचा दुसरा संच आला, त्याचेही तुकडे यात मिसळतात. म्हणून ईबेवर ‘पूर्ण संच’ लिहिलेलं असलं तरी मी प्रत्येकाचा मागूनपुढून फोटो मागते. जो विक्रेता टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेत नाही.

पाकीटबंद संच विकत घेऊन हे सगळं टाळता येतं, आणि त्याला फार पैसेही पडत नाहीत. पण पिशवी न फोडता कपडे बदलायचे कसे? मला तर कुणीतरी खेळलेलेच बडी हवे होते.

घरी आणल्यावर कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, एवढंच. डोळे-तोंड रंगवलेलं असतं, तिथे नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नये. ठेवायला पीव्हीसीच्या मऊ पिशव्या वापरू नका. त्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) झिरपून खेळणी चिकट होतात. पॉलीप्रॉपिलीनची डबी, प्रत्येकाला वेगळा कप्पा, आणि उन्हापासून लांब.

सहाही जण आता अंगभर कपड्यांत आहेत. जादा राहिलेल्या टोप्या आणि झगे मी विकत नाही. ज्याचा संच एका तुकड्यावाचून अडलाय, त्याला पोस्टाने पाठवते.